बुरूड राजाचा कोट

आमच्या नायगावच्या बाजारात सुकट-बोंबील विकणारी बाई सगळ्यात शेवटाला बसायची. चपला शिवणाऱ्याच्याही पलीकडं. गावातली मोठी माणसं नाकाला धोतराचा सोगा लावून तिथून जायची. माय मात्र थेट तिथंच जायची. मापभर सुकट, दोन-चार बोंबील. ज्वारीची भाकर, त्याच्यावर तव्यावर भाजलेली सुकट, लसूण आणि तिखट. घरात काही नसलं तरी तेवढं असायचं. पुढं वसतिगृहात माझ्या पेटीतून सुकटीच्या चटणीचा डबा निघाला, तर दोन दिवस पंगतीत शेजारी कुणी बसलं नाही.

समुद्र आमच्यातल्या कुणी पाहिला नव्हता. तो आमच्याकडं पोत्यात भरून यायचा.

गड्याहो, हे सांगायचं कारण असं. आपल्याला इतिहास म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतं, फार तर महाडचं तळं. समुद्रकाठ आपला वाटत नाही. तो कोकणातल्या देवळांचा, नारळाच्या बागांचा, मुंबईच्या शेटांचा. मीही असंच समजत होतो. मग देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, दादरला गाडी बदलली आणि नालासोपाऱ्याला उतरलो. (वाटेत नायगाव नावाचं स्टेशन लागतं. आमच्या नायगावचा माणूस तिथं उगाच उठून उभा राहतो.)

आज सोपारा म्हणजे लोकलची गर्दी आणि चाळी-इमारती. दोन हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पाली ग्रंथात सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक. ग्रीकांनी त्याचं नाव लिहून ठेवलं, पुढं अरबांनी 'सुबारा' म्हणून लिहिलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' नावाचा एक ग्रीक ग्रंथ आहे, दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेला. त्यात या किनाऱ्यावरच्या बंदरांत सोपारा आहे, आणि त्याच ग्रंथात आपला मराठवाडाही आहे. पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' आहे. तगर म्हणजे तेर. लातूरहून जवळ, आज धाराशिव जिल्ह्यात. तगरहून नाना तऱ्हेची मलमल, जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. व्यापाऱ्यानं माल लिहिला, अंतर लिहिलं. सूत कुणी कातलं, कापड कुणी विणलं, गाडीमागं कोण चाललं, ते लिहिलं नाही. तेरला विटांचा स्तूप उकरून निघाला आहे. एवढं खरं, की त्या कापडवाल्या गावात बुद्धाची माणसं होती.

सोपाऱ्यात एक मातीचं टेकाड होतं. गावचे लोक त्याला म्हणायचे 'बुरूड राजाचा कोट'. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं. आत निघाला विटांचा स्तूप. मधोमध चौकोनी विटकाम, त्यात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ काशाच्या मूर्ती. सात मागचे बुद्ध आणि आठवा पुढं येणारा मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, त्याच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या आत काय? सोन्याची फुलं, आणि मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेल्या. पाच करंडक एकात एक घालून लोकांनी काय सांभाळलं, तर भीक मागायचं गाडगं. आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात गाडगं बांधणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

तिथं यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं सापडलं, म्हणजे दुसऱ्या शतकाचा सुमार. पण मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. याचा अर्थ सरळ आहे. सहाशे वर्षांनंतरही कुणीतरी तो स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या, परत बंद केला. धम्म इथून एका रात्रीत गेलेला नाही.

आणि नाव बघा. आतला बुद्ध लोक विसरले, पण टेकाड कुणाचं म्हणून सांगितलं? क्षत्रियाचं नाही, ब्राह्मणाचं नाही. बुरडाचं! टोपल्या-सुपं विणणाऱ्याचं. आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेल्या जातीचा माणूस त्या लोकांच्या तोंडी राजा होता. मला वाटतं, 'बुद्ध' हा शब्दच तोंडातोंडी झिजून 'बुरूड' झाला असेल, किंवा ते टेकाड पालथ्या टोपलीसारखं दिसत असेल. माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण मासळीच्या गावात बुरडाशिवाय पान हलत नाही, हे तर खरं. टोपलीच नसली तर मासा बाजारात जाणार कसा?

दुसरी गोष्ट ब्राह्मणांची. परशुरामासाठी समुद्रानं मागं सरून शूर्पारक दिलं म्हणे. नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात आपली दानं कोरून ठेवतो, त्यात शूर्पारकातल्या रामतीर्थाचं दान आहे, ब्राह्मणांना दिलेल्या गाईही आहेत. त्याच लेखात डहाणूच्या नदीवर, दमणच्या नदीवर फुकट नावा सोडल्याचंही आहे. नावा राजाच्या जावयानं दिल्या. वल्ही कुणी मारली, ते लेखात नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची. सोपाऱ्याचा पूर्ण, पालीत पुण्ण. 'दिव्यावदान' सांगतं, तो व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. वाटणीत भावांनी त्याला बाहेर काढलं. दासीपुत्र जहाजावर चढला, चंदनाचा व्यापार केला, नाव कमावलं आणि शेवटी भिक्खू झाला. बुद्ध त्याला विचारतात, तुझ्या मुलखाची माणसं रागीट आहेत, शिव्या दिल्या तर? मारलं तर? जीव घेतला तर? तो प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देतो आणि आपल्याच किनाऱ्याला परत जातो. १९७८ च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड-परभणीकडची आपली घरं पेटली. १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत आपल्या माणसांना हेच प्रश्न विचारले जात होते. फक्त विचारणारे बुद्ध नव्हते.

सोपाऱ्यातच १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शिकारीच्या सहली सोडून राजा धम्मयात्रेला निघाला, तो लेख. नवव्याचा तुकडा शेजारच्या भुईगावात मिळाला. साल १९५६! नागपूरच्या दीक्षेचं साल. त्यात अशोक म्हणतो, आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्याचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं. त्यात श्रमणांबरोबर ब्राह्मणांनाही दान द्या असं आहे, ते लपवायचं कारण नाही. बायकाच फालतू विधी करतात असाही शेरा आहे. तो सम्राटानं मारला म्हणून आपण मान्य करायचा नाही.

खाडी गाळानं भरली, बंदर मेलं. पोर्तुगीज आले, १७३९ ला चिमाजी अप्पा आले. मासळी मात्र राहिली. सोपाऱ्याहून मी अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, त्यावर जोडीजोडीनं अडकवलेले बोंबील. डोल जाळं समुद्रात खुंटांना बांधतात, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासा आपोआप आत येतो. पाण्याची वेळ चुकली की सगळं चुकलं. जून-जुलैत मासेमारी बंद, नारळी पुनवेला दर्या शांत व्हायची वाट. पुरुष दर्यावर, पण बाजार, भाव, पैसा बायकांच्या हातात. ही माणसं आपल्यासारखी गावकुसाबाहेरची नव्हती, त्यांना आपलंच दुःख आहे असं मी म्हणणार नाही. पण याच किनाऱ्यावर वर डहाणूला ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, शहात्तर हजार कोटींचं काम. मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करत आले. बंदर कुणाचं, हा प्रश्न पेरिप्लसच्या काळात जसा अनुत्तरित होता तसाच आहे.

स्तूपाला आता पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, भोवती वस्ती दाटलेली. बुद्धपौर्णिमेला आपले लोक येतात. मी गेलो त्या दिवशी दोन पोरं सावलीत अभ्यास करत बसली होती. 'बुरूड राजा' म्हटलं तर त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं.

अर्नाळ्याच्या एका मावशीकडून किलोभर बोंबील घेतले. "कुटशी आलास?" म्हणाली. नांदेड म्हटलं तर तिला अंदाज येईना. घरी येऊन पिशवी मायपुढं ठेवली. सगळं सांगितलं, स्तूप, सोन्याचा करंडक, पूर्ण. ती ऐकत होती. मग एक बोंबील मोडून बघितला.

"नीट वाळला नाई रे ह्यो," म्हणाली. "दोन दिवस ऊन दाखव त्याला."