पेड्रो (भौतिकोपचारातील पुराव्यांची सूची)

पेड्रो : भौतिकोपचार (फिजिओथेरपी) व पुनर्वसन या क्षेत्रांतील उपचारांचा गुण येतो की नाही हे तपासणाऱ्या संशोधनाची विनामूल्य संगणकीय सूची. सिडनी विद्यापीठातील भौतिकोपचार-संशोधकांच्या एका गटाने ती ऑक्टोबर १९९९ मध्ये खुली केली. रॉब हर्बर्ट, क्रिस माहेर, अ‍ॅन मोझली व कॅथरीन शेरिंग्टन हे तिचे आरंभीचे प्रमुख कार्यकर्ते. सूचीत तीन प्रकारचे लेखन येते : यादृच्छिक चाचण्या (रुग्णांची गटवाटणी दैवावर सोडणाऱ्या), पद्धतशीर आढावे (अशा चाचण्यांचे एकत्रित परीक्षण) आणि उपचार-मार्गदर्शिका. दर महिन्याला तीत भर पडते. २०२० पर्यंत नोंदी ४५ हजारांच्या पुढे गेल्या होत्या. त्यांत चाचण्यांचा वाटा सर्वांत मोठा. सर्वांत जुनी नोंद १९२९ सालची, मुलांना दिलेल्या अतिनील किरणांच्या परिणामाविषयीची आहे.

पार्श्वभूमी : भौतिकोपचाराचे संशोधन एका जागी सापडत नाही. अर्धांगवायूवरील चाचणी मेंदूविकारांच्या नियतकालिकात छापली जाते, गुडघ्यावरील अस्थिरोगांच्या, दम्यावरील छातीविकारांच्या. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्याने हे सारे चाळावे ही अपेक्षाच अवाजवी होती. पेड्रोने ती चाळणी एकदाच, सर्वांच्या वतीने करून ठेवली.

नोंदीचे निकष : चाचणीत किमान दोन उपचारांची तुलना हवी, त्यांतील एक तरी भौतिकोपचाराचा भाग असावा किंवा होऊ शकेल असा असावा, रुग्णांची गटवाटणी यादृच्छिक, निदान तशा हेतूने केलेली असावी, आणि संपूर्ण लेख समीक्षित नियतकालिकात छापलेला असावा. परिषदांतील सारांशांना प्रवेश नाही.

गुणश्रेणी : सूचीतील प्रत्येक चाचणीला १० पैकी गुण दिले जातात. माप ११ कलमांचे आहे. पहिले कलम (रुग्ण कोठून व कोणत्या अटींवर घेतले) बेरजेत धरत नाहीत. नऊ कलमे आरियान व्हेरहागेन व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये तयार केलेल्या १९९८ च्या ‘डेल्फी यादी’तून घेतली असून दोन नव्याने घातली आहेत. दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. मतभेद झाल्यास तिसरा निर्णय करतो. आढावे आणि मार्गदर्शिका यांना गुण नसतात.

कलमांमागचा विचार रोजच्या कामाशी जोडून पाहिला म्हणजे नीट उमगतो. ओपीडीत केसपेपरचा क्रमांक सम आला तर एक उपचार आणि विषम आला तर दुसरा, अशी वाटणी सोयीची खरी. पण या मापात तिला यादृच्छिक वाटणीचा गुण मिळत नाही. पुढचा क्रमांक कोणता हे आधीच दिसत असल्याने, बरा होण्याजोगा रुग्ण आवडत्या उपचाराकडे वळवणे नकळतही घडते. वाटणी गुप्त ठेवण्याचे कलम म्हणूनच वेगळे आहे. सुरुवातीला आलेल्या रुग्णांपैकी ८५ टक्क्यांहून अधिकांची किमान एक प्रमुख मोजणी शेवटपर्यंत मिळाली पाहिजे, हेही एक कलम आहे. कारण आराम न पडल्याने येणे बंद केलेले रुग्ण हिशेबातून गळाले की उरलेल्यांचा निकाल आपोआप उजळ दिसतो. मध्येच उपचार सोडलेल्यांची गणना त्यांच्या मूळ गटातच करावी, असेही माप सांगते.

तीन कलमे माहिती लपवण्याविषयी आहेत : कोणाला कोणता उपचार मिळतो हे रुग्णाला, उपचारकाला आणि मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. गोळीच्या चाचणीत हे साधते. व्यायाम शिकवणाऱ्याला आपण काय शिकवतो हे कळणारच, आणि करणाऱ्यालाही. त्यामुळे व्यायामाची उत्तम चाचणीसुद्धा बहुधा ८ गुणांवर थांबते. ८ म्हणजे ‘दोन गुण कमी’ असे वाचणे अन्यायाचे आहे. एकूण बेरीज द्यावी की प्रत्येक दोष स्वतंत्र मांडावा, यावर आढावाकारांत एकमत नाही.

गुण चाचणीच्या पद्धतीला असतात, उपचाराला नव्हेत, हे पेड्रोचे कर्ते स्वतः बजावतात. ९ गुणांची चाचणी ‘हा उपचार निरुपयोगी’ असेही सिद्ध करू शकते. विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात ‘पेड्रो ८, म्हणून प्रभावी’ अशी वाक्ये येतात. अशा वाक्यांनी रुग्णाचे अहित होते.

महत्त्वाच्या चाचण्या : सूचीतील संशोधन वाचणाऱ्यासाठी नवे शिकण्याइतकेच जुने सोडणे हा अद्ययावत राहण्याचा भाग आहे, हे पुढील उदाहरणांवरून दिसते.

कंबरदुखी. उसण भरली की आठवडाभर पाठ टेकून पडण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जाई. अमेरिकेत रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी १९८६ साली २०३ रुग्णांत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती ताडून पाहिली : दोन दिवसांच्या गटाचे सरासरी ३.१, तर सात दिवसांच्या गटाचे ५.६ कामाचे दिवस बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकी येथील १८६ कर्मचाऱ्यांवरील चाचणीत झेपेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. अंथरुणात विश्रांती घेणारे आणि पाठीचे व्यायाम करणारे दोन्ही गट मागे राहिले. ज्याला आपल्याकडे ‘वजन लावणे’ म्हणतात त्या ट्रॅक्शनविषयी ‘कॉक्रेन’ या आढावे करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या व २,७६२ रुग्ण होते. वेदना, हालचाल वा कामावर परतणे यांत त्याचा प्रभाव फारसा किंवा मुळीच दिसला नाही. ट्रॅक्शनचे टेबल तरीही अनेक दवाखान्यांत आहे.

अर्धांगवायू. रुग्णाला जितक्या लवकर उठवावे तितके चांगले, अशी धारणा होती. ज्यूली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखालील ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पाच देशांतील ५६ रुग्णालयांतून २,१०४ रुग्ण घेतले. पहिल्या २४ तासांत आणि वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. पुढील विश्लेषणात थोडा थोडा वेळ पण अधिक वेळा उठवणे हितकारक, आणि एकूण मिनिटे वाढवत नेणे अहितकारक आढळले. अतिदक्षतेच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या भौतिकोपचारकासाठी हा फरक फार मोठा आहे.

भारतातील ‘अटेंड’ चाचणी (२०१७) येथे विशेष नोंदवली पाहिजे. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांत, घरच्या माणसाला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन काय साधते हे पाहिले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्केच राहिले. भौतिकोपचारकांची टंचाई कुटुंबाच्या बळावर भरून निघेल ही आशा फोल ठरली. दिलेल्या सरावाची मात्रा पुरेशी होती का, यावर मतभेद आहेत. सून किंवा मुलगा करत असलेली सेवा व्यर्थ आहे, असा मात्र या निकालाचा अर्थ काढू नये. शासनाने प्रशिक्षित माणूस नेमण्याची जबाबदारी कुटुंबावर ढकलू नये, एवढा तरी अर्थ निश्चित निघतो.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलिओच्या साथीनंतर के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ ची. आज राज्यातील अनेक महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागतो. यांतील अनेक प्रबंध चाचण्यांचेच असतात. भारतीय चाचणी-नोंदवहीत (स्थापना २००७) त्यांची नोंद होऊ शकते. परंतु समीक्षित नियतकालिकात लेख छापला गेला नाही, तर पेड्रोला तो प्रबंध दिसत नाही. ग्रंथालयाच्या कपाटात राहिलेले हे काम आढावाकारांच्या हिशेबात येत नाही, आणि उकिडवे बसणे, मांडी घालणे, डोक्यावर ओझे वाहणे यांसारख्या इथल्या हालचालींविषयीचे पुरावे विरळ राहतात. ही हानी मोठी व टाळता येण्याजोगी आहे.

पेड्रोत सहसा सारांश मिळतो. पूर्ण लेख मिळेलच असे नाही. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना हजारो नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा भौतिकोपचारक या योजनेबाहेर आहे. ऑस्ट्रेलियाचे ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’ २०१४ पासून सर्वांना विनामूल्य वाचता येते.

भाषा : मूळ इंग्रजी. मांडणी इतर अनेक भाषांत. भारतीय भाषांपैकी तमिळमध्ये.

निदान : उपचारांऐवजी निदान-चाचण्यांच्या अचूकतेवरील संशोधनासाठी ‘डायटा’ ही स्वतंत्र सूची आहे.