छावणीतील ध्वनिमुद्रणे आणि 'द हाफमून फाइल्स' : एक ऐतिहासिक आकलन

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागलेल्या हिंदी सैनिकांपैकी अनेकांना बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडोर्फ येथील 'हाफमून' छावणीत ठेवण्यात आले होते. बंदिवानांना ब्रिटिशांविरुद्ध फितविणे हा तिचा राजकीय हेतू. परंतु भाषाशास्त्रज्ञांना तेथे दूरदूरच्या भाषा एकाच कुंपणात आयत्या सापडल्या. कार्ल श्टुम्फ यांच्या अध्यक्षतेखालील प्रशियाच्या फोनोग्राफिक आयोगाने 1915 ते 1918 या काळात अशा छावण्यांतून ध्वनिमुद्रणे केली. तबकड्यांचे काम विल्हेल्म डोगेन यांच्याकडे होते. हा संग्रह आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे.

मुद्रणाची पद्धत ध्यानात घेतल्याशिवाय या आवाजांचे मोल कळत नाही. मजकूर आधी लिहून घेतला जाई, मग कैद्यास कर्ण्यासमोर उभे करीत. आवाज टिकला तो भाषेचा नमुना म्हणून. बोलणारा काय सांगतो आहे, हा प्रश्न गौण होता. ही दृष्टी केवळ जर्मनांचीच नव्हे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) बोलींचे नमुने म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथाच पुनःपुन्हा येते. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या कथेस तेथे फारसा वाव नव्हता.

मल सिंग या पंजाबी शिपायाने मात्र तो काढला. 11 डिसेंबर 1916 रोजीच्या मुद्रणात तो लोककथेच्या धाटणीने एका माणसाविषयी बोलतो. हा माणूस हिंदुस्थानात लोणी खात असे, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्यास पकडले. आता त्यास घरी जायचे आहे, आणखी दोन वर्षे राहिला तर तो मरेल. तो माणूस म्हणजे स्वतः मल सिंगच. भाषेच्या नमुन्याच्या मिषाने त्याने एक प्रकारे अर्जच गुदरला, असे म्हणावे लागते.

फिलिप शेफनर यांच्या 'द हाफमून फाइल्स' (2007) या चित्रपटाने हा अर्ज अर्ज म्हणून ऐकला. मल सिंगचा माग काढणे हे चित्रपटाचे निमित्त. कैद्यांची छायाचित्रे उपलब्ध होती. पण आवाजास भलताच चेहरा चिकटविणे म्हणजे त्यास पुन्हा नमुना करणेच होय. शेफनर हा मोह बव्हंशी टाळतात. अनेक ठिकाणी पडदा काळा राहतो आणि तबकडीच्या खरखरीतून तेवढा आवाज येत राहतो.