किडीला खरंच सवय लागते का?

“किडीला औषधाची सवय झाली,” असं कपाशीच्या रानात आपण सहज म्हणतो. असाच विचार दोनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञानं मांडला होता. त्यांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

त्या काळी युरोपात बहुतेकांची समजूत अशी, की देवानं जीव जसे घडवले तसेच ते कायम राहिले. पॅरिसच्या संग्रहालयात किडे-कृमींचा अभ्यास करणारे लामार्क म्हणाले, नाही, जीव हळूहळू बदलतात. १८०९ साली त्यांनी हे पुस्तकात लिहिलं. जिराफ उंचावरच्या पाल्यासाठी मान ताणतो, मान लांबते आणि ती लांबी पिल्लांत उतरते, असं त्यांचं म्हणणं. संग्रहालयातलेच नामवंत क्युव्हिए यांना जीव बदलतात हेच मान्य नव्हतं. लामार्क म्हातारपणी आंधळे झाले. मुलींनी त्यांना सांभाळलं. १८२९ साली ते गरिबीतच वारले.

१८५९ साली इंग्लंडच्या चार्ल्स डार्विन यांचं पुस्तक आलं. जीव बदलतात हे लामार्कचं म्हणणं खरं ठरलं, पण कारण वेगळं निघालं. एकाच जातीतले जीव जन्मतःच थोडे वेगवेगळे असतात. ज्यांचा निभाव लागतो, त्यांचीच पिल्लावळ वाढते. आपण बियाण्यासाठी भरलेलं कणीस निवडून ठेवतो, तशी निवड निसर्गातही होते.

अंगी आलेला प्रत्येक बदल लेकरांत उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण कान टोचतो, तरी लेक टोचलेले कान घेऊन जन्मते का?

किडीचंही तसंच. एकेका अळीला सवय लागत नाही. फवारणीत बहुतेक मरतात, जन्मतःच चिवट असलेल्या मोजक्या उरतात आणि त्यांचीच पैदास होते. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं, की रानात चिवटच अळ्या राहतात. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचं असंच झालं.

म्हणून तर बीटीच्या कडेनं साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगतात. तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळतात आणि चिवटपणा लवकर पसरत नाही. त्या ओळी म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, पुढच्या वर्षाची राखण आहे. गटाच्या बैठकीत यावर जरूर बोला.