टांचणी आणि भिंग

हिंजवडीच्या एखाद्या नव्या वसाहतींत सकाळचें ऊन जरा चढलें, कीं घाणेरीच्या नाहींतर एक्झोऱ्याच्या ताटव्यापुढें कोणी गृहस्थ गुडघे टेकून, श्वास आवरून, कॅमेऱ्याचें भिंग फुलाच्या अगदीं जवळ नेऊन बसलेला दिसावा. फुलपांखरूं सोंड उलगडतें, कळ दाबली जाते, आणि फुलपांखरूं आपल्या वाटेनें उडून जातें. त्याच्या पंखावरचा एक कणहि ढळत नाहीं. हा निरुपद्रवी छंद आज घरोघर पोंचला आहे. परंतु पश्चिम हिंदुस्थानांतील फुलपांखरांची ओळख जगाला प्रथम झाली ती भिंगानें नव्हे, टांचणीनें.

कर्नल चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्यानें मुंबई व दख्खन येथील फुलपांखरें आणि पतंग यांवरील आपला प्रबंध १८८५ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या वृत्तांतांत प्रसिद्ध केला. जाळें, विषाची बाटली आणि टांचणी, एवढीच त्या काळच्या अभ्यासकाची सामग्री. त्यापूर्वीं दोन वर्षें, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईंत आठ गृहस्थांनीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत स्विन्हो होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हेहि होते. पहिल्यांचें नांव प्रार्थनासमाजामुळें मराठी घरांत माहीत आहे, पण या कामीं तें क्वचितच निघतें. याच आठांपैकीं एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं कांहीं वर्षें लॅटिन शिकविलें. पुढें डेव्हिडसन व बेल यांच्या जोडीनें त्यांनीं उत्तर कानडा जिल्ह्यांतील फुलपांखरांवर जें लिहिलें, त्याचें खरें मोल पंखांच्या वर्णनांत नाहीं. कोणती अळी कोणतें पान खाते हें या तिघांनीं घरीं अळ्या पाळून, रोज पाला आणून घालून पाहिलें.

मग त्यांनीं छायाचित्रें कां काढलीं नाहींत? कॅमेरा कांहीं अपरिचित नव्हता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ चीच, आणि डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी तिचे सभासद होते. पण त्या काळीं कांचेवर ओलें द्रव्य चढवावयाचें, तें वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावयाचें आणि लागलीच अंधाऱ्या तंबूंत तें धुवावयाचें. त्यांत कित्येक सेकंद वस्तु निश्चल हवी. देऊळ स्वस्थ उभें राहतें; फुलपांखरूं राहत नाहीं! १८७१ नंतर कोरड्या कांचा आल्या, तरी रंगांचा प्रश्न राहिलाच. फुलपांखरांतून रंग वजा केल्यास ओळख पटविण्यास उरतें काय? छोट्या कॅमेऱ्यांत घालतां येईल अशी रंगीत फिल्म १९३६ सालीं आली, आणि मगच हा मार्ग मोकळा झाला. तेव्हां जुन्या संग्राहकांना निर्दय म्हणणें सोपें असलें तरी न्यायाचें नाहीं.

शिवाय भिंग फसतेंहि. रुईच्या पानांवर वाढणारें तांबूस 'प्लेन टायगर' पक्ष्यांना विषारी लागतें, म्हणून ते त्याच्या वाटेस जात नाहींत. 'डॅनेइड एगफ्लाय' या निराळ्या जातीची मादी नेमका त्याचाच वेष घेऊन हिंडते. मागच्या पंखाच्या मध्यावरील काळे ठिपके चित्रांत आले, तर सोंग उघडकीस येतें. नुसती पुढची बाजू टिपणाऱ्याची मात्र पक्ष्याइतकीच फजिती होते. टांचणीवरचें फुलपांखरूं उलटसुलट करून पाहतां येत असे.

विंटर-ब्लाइथ या शिक्षकाचा ग्रंथ १९५७ चा. कृष्णमेघ कुंटे यांचें दक्षिण भारतावरील पुस्तक २००० सालीं व आयझॅक किहीमकर यांचें सचित्र पुस्तक २००८ सालीं निघालें, आणि बागेंतल्या हौशी माणसाला हाताशीं आधार मिळाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत पुढें फुलपांखरांच्या अनेक जाती आल्या व त्यांच्यापुरती जाळ्याची वाट बंद झाली. २०१५ सालीं महाराष्ट्रानें 'ब्लू मॉरमॉन', म्हणजे नीलवंत, हें राज्याचें फुलपांखरूं ठरविलें. असा मान फुलपांखराला देणारें हें पहिलेंच राज्य.

हिंजवडी पूर्वीं मुळशी तालुक्यांतील शेतीचें गांव होतें. तेथें संगणक-उद्योगाच्या इमारती उठल्या आणि बांधांच्या जागीं आंखीव बागा आल्या. या बागांत फुलें आहेत, म्हणजे मोठ्या फुलपांखराचें जेवण आहे. पण अळीचें नाहीं. रुई माळी उपटतो, एरंड कोणी लावीत नाहीं. उरतो तो स्वयंपाकघराच्या खिडकींतला कढीलिंब. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक ठिपका असतो, आणि पानें कुरतडलेलीं पाहून घरची बाई तो चिमटीनें काढून टाकते. तो 'कॉमन मॉरमॉन'चा सुरवंट असतो. बागेंत गुडघे टेकून बसलेले गृहस्थ बहुधा त्याच्याच आईबापांची वाट पाहत असतात.

संग्राहकाच्या टांचणीखालीं एक चिठ्ठी असे: स्थळ आणि दिनांक. आजचा कॅमेरा दिनांक आपण होऊन नोंदतो. झाडाचें नांव मात्र, आणि पुष्कळदां स्थळहि, हातानेंच लिहावें लागतें, आणि घरोघरच्या हजारों सुंदर चित्रांवर तें लिहिलेलें नसतें.