गणकयंत्रांचा भार आणि इमारतीची जमीन

आरंभीची गणकयंत्रे अवजड होती व पुढे ती हलकी होत गेली, असे त्यांच्या इतिहासाचे सार सांगण्यात येते. यंत्राच्या एकूण वजनापुरते ते खरे आहे. ज्या जमिनीवर यंत्र उभे करावयाचे, तिच्या दृष्टीने मात्र ते तितकेसे खरे नाही.

फिलाडेल्फिया येथे १९४६ मध्ये जाहीर झालेल्या ‘एनिॲक’चे वजन सुमारे ३० टन, म्हणजे अमेरिकी मापाने ६०,००० पौंड होते. त्याची कपाटे भिंतींलगत नालाच्या आकारात मांडलेली असून यंत्राने सुमारे १,८०० चौरस फूट जागा व्यापली होती. सरासरी भार दर चौरस फुटास ३३ पौंडांच्या आसपास भरतो. अमेरिकेत साध्या कार्यालयाच्या जमिनीसाठी आज सामान्यतः ५० पौंड भार गृहीत धरतात.

१९५६ मध्ये आयबीएमच्या ‘रॅमॅक’बरोबर ५० तबकड्यांचे स्मृतिकपाट आले. त्याचे वजन एक टनाहून थोडे अधिक, लांबी ५ फूट आणि रुंदी जेमतेम अडीच फूट. त्याच्या तळाखाली हाच भार १६० पौंडांच्या वर जातो. ही तुलना काटेकोर नव्हे; पहिल्या आकड्यात मधली मोकळी जागा धरली आहे, दुसऱ्यात नाही. परंतु स्थापत्यविशारदापुढील प्रश्न नेमका या भेदातच होता. एकूण वजनापेक्षा ते कोठे एकवटते, याला महत्त्व आले. म्हणून प्रत्येक कपाटाचे वजन, त्याच्या पायांमधील अंतर, सभोवतालची मोकळी जागा आणि खालच्या तुळयांचे स्थान हे सारे आधी पाहावे लागे. यंत्र ज्या वाटेने आत न्यावयाचे, ती वाटही तपासावी लागे.

१९६० नंतरच्या दशकात उचललेली जमीन रूढ झाली. लहान खांबांवर सुट्या फरशा बसवून खालच्या पोकळीतून तारा व थंड हवा नेण्यात येऊ लागली. सोय झाली, पण भार कमी झाला नाही. तो त्या खांबांवाटे मूळ स्लॅबवर मोजक्या बिंदूंत उतरू लागला. शिवाय तारांसाठी भोक पाडलेली फरशी दुबळी होई.

आज यंत्रांनी भरलेल्या एका रॅकचे वजन टनाहून अधिक असू शकते, आणि त्याचा तळ सुमारे ८ चौरस फुटांचाच असतो. त्यामुळे अनेक नव्या केंद्रांत उचललेली जमीन टाळून रॅक थेट काँक्रीटवर उभे करतात. यंत्र आकसले, तसा जमिनीवरील भार घट्ट होत गेला.