देवमाशाचा कान आणि न फोडलेले दगड

देवमासा समुद्रात राहायला कसा तयार झाला, असं विचारलं की आपण ठरलेली यादी म्हणून दाखवतो: वल्ह्यासारखे पुढचे पाय, आडवं शेपूट, चरबीचा थर, डोक्यावर सरकलेली नाकपुडी. यादी बरोबरच आहे. पण यातलं आधी काय आलं, हे ती सांगत नाही.

१८३४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड हार्लनने अवाढव्य मणके पाहिले आणि त्या प्राण्याला बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा, असं नाव दिलं. पाच वर्षांनी लंडनमध्ये रिचर्ड ओवेनने त्याचे दात तपासले. दाढांना दोन मुळं होती, म्हणजे हा सस्तन प्राणी. (नाव मात्र नियमानुसार तेच राहिलं. आपण तरी देव'मासा'च म्हणतो की!)

मग याचा जमिनीवरचा पूर्वज कोण? बराच काळ दातांवरून उत्तर दिलं जाई: मेसोनिकिड नावाचे मांसाहारी खुरवाले प्राणी. पुढे डीएनएने पाणघोड्याकडे बोट दाखवलं. २००१ मध्ये पाकिस्तानात मिळालेल्या आदिम देवमाशांच्या घोट्याचं हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं निघालं. असं हाड गाय, हरीण, डुक्कर अशा समखुरी प्राण्यांचंच असतं. दातांची बाजू तिथे पडली.

आता खरी गंमत. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूच्या राजौरी भागात, कालाकोटला, जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. १९७१ मध्ये त्यांनी त्यातल्या एका छोट्या समखुरी प्राण्याला इंडोहायस नाव दिलं. बरेच दगड मात्र फोडायचेच राहिले. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतल्या हान्स थेविसन यांच्या हवाली केले. साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी मोडली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्याची आतली कड ओठासारखी जाड होती. ही कड म्हणजे देवमासा-डॉल्फिन कुळाची खूण, असं तोवर सगळे मानत होते!

कानच का महत्त्वाचा? आपला कान हवेसाठी आहे. पाण्यात आवाज अख्ख्या कवटीला हलवतो, दोन्ही कानांना जवळपास एकदमच ऐकू येतं आणि दिशा कळत नाही. आजच्या डॉल्फिनचं कानाचं जड हाड हवेच्या पोकळ्यांनी कवटीपासून अलग असतं आणि आवाज खालच्या जबड्यातल्या चरबीतून येतो. इंडोहायसकडे एवढी यंत्रणा नव्हती, फक्त ती जाड कड होती.

शिवाय त्याच्या पायांची हाडं भरीव होती, पाणघोड्यासारखी. अशी जड हाडं पाण्यात तळाशी चालायला उपयोगी पडतात. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही पाण्यातला वावर दाखवला. २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपेयी वगैरेंनी 'नेचर'मध्ये मांडणी केली: मांजराएवढा हा प्राणी धोका दिसला की पाण्यात बुडी मारत असावा. आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचा आफ्रिकेतला भाऊबंद आजही असंच करतो. म्हणजे वल्ही आणि शेपूट यायच्या आधीच पाण्याची सवय होती.

एक गोष्ट जपा. इंडोहायसचे हे जीवाश्म सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, तर पाकिसीटस हा आदिम देवमासा त्याहून थोडा जुना. त्यामुळे इंडोहायस आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला. व्हायव्हात त्याला 'पूर्वज' म्हणालात, तर पुढचा प्रश्न हाच येईल.