सोलापुरात बघायला आहेच काय?

परवा ओळखीतला एक मुलगा घरी आला होता. वय सत्तावीस. नोकरीतून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढलीय आणि मोटरसायकलवर निघालाय. आधी स्पिती, मग लडाख, तिथून जमलं तर थेट अरुणाचल. सामानाची यादी, पेट्रोलचा हिशेब, तंबू, सगळं तयार. मला मनापासून बरं वाटलं. आमच्या वयात एवढी हिंमत नव्हती.

निघताना मी सहज म्हटलं, "जायच्या आधी एकदा नान्नजला जाऊन ये की."

तो हसला. "तिथं काय आहे ओ काका? नुसता माळ तर हाय."

त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण सवडीनं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे, महिनोन्‌महिने घराबाहेर राहून भटकणं ही आपल्याकडे काही नवी फॅशन नाही. आपला जिल्हा तर चालणाऱ्यांचाच. आळंदी-देहूहून निघालेली वारी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात येऊन थांबते. माणदेश-माळशिरसकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्यांच्या त्या फिरण्याला कुणी साहस म्हणत नाही, कारण ते पोटासाठी आहे.

आणि सिद्धरामेश्वरांचं बघा. बाराव्या शतकात त्यांनी सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. आजही संक्रांतीच्या गड्ड्याला नंदीध्वज निघतात आणि या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. तीच वाट, दर वर्षी, शेकडो वर्षं. नवी जागा शोधायला नव्हे, तर आहे ती जागा पुन्हा पुन्हा बघायला माणसं चालतायत. हा धागा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता माळाकडे येऊ.

सोलापूरचा माळ म्हणजे ओसाड, पडीक, काही न पिकणारी जमीन असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हे कुठून आलं? इंग्रजांनी 1830 च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्यानं पाहणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी. तीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीची प्रत ठरवायची आणि त्यावर सारा बसवायचा. सरकारच्या वहीत मोल कशाला? ज्यातून सारा येतो त्याला. गवत, मेंढरं, हरणं, पाखरं यांचा रकाना त्या वहीत नव्हता. मग ज्या जमिनीतून पैसा येत नाही ती पडीक. इंग्रज गेले, शब्द मात्र सातबाऱ्यावर राहिला आणि आपल्या जिभेवरही.

त्याच काळात दख्खनमध्ये फिरलेला कर्नल साइक्स नावाचा एक अभ्यासू अधिकारी होता. इथल्या पाखरांची त्यानं नोंद केली. माळढोक या भागात भरपूर आहे असं तो लिहितो, आणि एका साहेबानं हजारभर माळढोक मारल्याचंही लिहितो. हजार! आज अख्ख्या देशात मिळून दोनशेसुद्धा उरले नसतील.

माळढोक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नर उभा राहिला तर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात जड पाखरांपैकी एक. घरटं नाही, झाड नाही. उघड्या जमिनीवर मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते. म्हणजे त्याला रान नको, डोंगर नको. त्याला आपला हा 'नुसता माळ'च लागतो.

साहेबांच्या बंदुका गेल्या, माळ नांगराखाली येत गेले, आणि हा पक्षी आपल्या जिल्ह्यात आहे हे बाहेरच्या जगाला जवळपास माहीतच राहिलं नाही. 1972 साली, म्हणजे त्या भयंकर दुष्काळाच्या काळात, सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांना नान्नजच्या माळावर माळढोक दिसले. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रोडला. गावातल्या लोकांना, धनगरांना पक्षी ठाऊक होताच, त्यात शोध काही नाही. पण कुलकर्णींनी काय केलं? एकदा बघून घरी बसले नाहीत. जात राहिले. नोंदी करत राहिले, लोकांना सांगत राहिले, सरकारदरबारी पाठपुरावा करत राहिले. दुष्काळी भागाच्या योजनेतून गवतासाठी कुंपण घालून राखलेले तुकडे तिथं होते. चराई बंद झाल्यावर गवत वाढलं आणि पाखरांना आसरा मिळाला. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. 1980 च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक असद रहमानी आणि त्यांचे सहकारी नान्नजला मुक्काम ठोकून राहिले. जगातले पक्षीतज्ज्ञ ज्याला नावानं ओळखतात असा आपला माळ, आणि आपण म्हणतो तिथं काय आहे.

पण याच्या पुढचा भाग कडू आहे, आणि तो गाळून चालणार नाही.

कागदावर या अभयारण्याचं क्षेत्र होतं 8,496 चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे तालुकेच्या तालुके त्यात. गोव्याचं क्षेत्र 3,702 आहे, म्हणजे दोन गोवे मावून उरतील एवढं. त्यात खऱ्या अर्थानं राखलेला माळ थोडासाच. बाकी लोकांची शेतं, गावं, रस्ते, बाजारपेठा. जमिनीचे व्यवहार असोत की एखादं काम असो, अभयारण्याचा नियम आडवा. लोक वैतागले. पाखराचं नाव काढलं की माणसं तोंड फिरवायची. शेवटी क्षेत्र कमी करून ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर मधली तीस वर्षं गेली होती. तेवढ्यात उजनीचं पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा आल्या. द्राक्षाची सोनाका ही जात नान्नजचीच, हेही अभिमानानं सांगायला हवं. शेतकऱ्यानं पोट भरायचं नाही का? पण माळाचे तुकडे होत गेले. विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तारेला धडकतो. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

दोष एकाचा नाही. सरकारनं नकाशावर रेघ मारली, पण गावाला सोबत घेतलं नाही. आणि आपण सोलापूरकरांनी? आपण तर तिकडं फिरकलोच नाही.

आता दुसरा माणूस. आनंद कुंभार. पदव्यांची रांग नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. साधी नोकरी सांभाळून या गृहस्थानं जिल्हाभर शिलालेख धुंडाळले. कुठं देवळाची तुळई, कुठं शेताच्या बांधावरचा दगड. आपल्या जिल्ह्यात मराठी, कन्नड, संस्कृत, फारसी असे सगळे लेख सापडतात, कारण आपण कायम सीमेवर राहिलो. दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल हे भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं गाव. कन्नडमध्ये कूडल म्हणजे संगमच. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख कुंभारांनी उजेडात आणला. त्यात मराठी ओळ आहे. मराठीतला आद्य लेख कुठला, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा की कुडलचा, हा वाद पंडितांनी घालावा. मला भावतो तो त्या ओळीचा अर्थ. साधारण असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याची वाट बघत हे कोरून ठेवलं. देवळात रोज माणसं येत-जात होती. लेख डोळ्यांसमोर होता. वाचायला मात्र कुंभार यावे लागले. शेजारच्याच हरिहरेश्वर मंदिराचं तर बरंचसं मातीच्या ढिगाखाली गेलं होतं. 1999 च्या सुमारास माती उपसली तेव्हा आतून 359 मुखं कोरलेलं शिवलिंग निघालं. इतकी वर्षं ते आपल्या पायाखाली होतं.

तिसरे मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, 1932 चा, घरची भाषा तेलुगू. वनखात्यात नोकरीला लागले आणि छत्तीस वर्षं जंगलात राहिले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. यापेक्षा लांबचा प्रवास कुणी केलाय का सांगा. पण तो किलोमीटरमध्ये मोजायचा नाही. एकेका तळ्याकाठी वर्षानुवर्षं बसून, तिथल्या आदिवासींकडून, कोळ्यांकडून, पारध्यांकडून शिकून त्यांनी पाखरांची, झाडांची नावं गोळा केली आणि मराठीला दिली. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणायला आपण त्यांच्यामुळे शिकलो. 2006 साली सोलापुरातच साहित्य संमेलन भरलं तेव्हा तेच अध्यक्ष होते. शेवटची वर्षं इथं परत आले. 2025 ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले.

तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांनीही जागा 'शोधली' नाही. जागा होतीच, लोकही तिथं होतेच. हे तिघं तिथं परत परत गेले, आणि तिथल्या माणसांना विचारून शिकले.

हे मला कळायला मात्र एक चूक करावी लागली. ती सांगतो.

2019 च्या हिवाळ्यात उत्तर सोलापुरातल्या एका माळावर मला लांडग्याची पिल्लं दिसली. चार. ज्या मेंढपाळ बाबांनी दाखवली त्यांच्या मेंढ्या लांडगा खातो, तरी त्यांनी बीळ बुजवलं नव्हतं. मी लांबूनच फोटो काढले. घरी येऊन टाकले. वर ठिकाणाचा नकाशाही जोडला, लोकांना आपला जिल्हा कळावा म्हणून. पोस्ट तुफान चालली. दोन दिवस मी हवेत होतो.

पुढच्या आठवड्यात परत गेलो तर माळावर चाकांच्या खुणाच खुणा. गवत चेपलेलं, बिळाच्या तोंडाशी पाण्याची बाटली. बाबा भेटले.

"तुमीच टाकलाव म्हणं फोटो."

मी मान हलवली.

"गाड्या लई आल्या रविवारी. पिल्लं हलिवली तिनं. चारातली किती नेली, देव जाणं."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चहा दिला, आणि पुन्हा काही दाखवलं मात्र नाही. आजतागायत नाही.

त्यानंतर वर्षभर मी कुठल्याच जागेबद्दल लिहिलं नाही. वाटलं, गप्प बसणंच बरं. पण मग नान्नज आठवायचं. कुलकर्णी गप्प बसले असते तर तिथलं गवतही राहिलं नसतं. ज्या जागेचं नाव कुणाला ठाऊक नाही ती जागा एके दिवशी पडीक म्हणून निकालात निघते, आणि हळहळायलाही कुणी नसतं. सांगायला तर हवंच. पण कुणाला, कसं, आणि सांगितल्यावर आपण तिथं किती दिवस टिकणार, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच:

एक. ग्रामसभेत, कचेरीत, घरात 'पडीक' हा शब्द आला की एकदा विचारा, तिथं उगवतं काय, चरतं कोण. चांगल्या गवताच्या माळावर खड्डे पाडून झाडं लावणं म्हणजे पर्यावरण नव्हे. माळाला झाड नको असतं.

दोन. घरटी, बिळं यांचे नकाशे टाकू नका. गाडी रस्त्यावर ठेवा आणि पायी जा. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिर्सुफळला वनखात्यानं स्थानिक पोरांना वाटाडे म्हणून घेऊन गवताळ माळांची सफारी सुरू केलीय. आपल्या जिल्ह्यातही हीच घडी नीट बसली पाहिजे. माळाचा पैसा माळाशेजारच्या घरात गेला, तरच तिथला माणूस पाखरावर चिडणार नाही.

तीन. दहा जागा एकदा बघण्यापेक्षा एक जागा बारा महिने बघा. नान्नजचा माळ मे महिन्यात खरंच 'नुसता माळ' असतो. ऑगस्टमध्ये जाऊन बघा. नोव्हेंबरमध्ये गवत पिकून सोन्यासारखं होतं आणि त्यातून काळवीट उड्या मारत जातात. एकाच जागेच्या या सगळ्या बाजू एका रविवारात दिसत नाहीत.

त्या मुलाला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाला, "काका, रजा तर सहा महिन्यांचीच आहे."

मी म्हटलं, "लडाखला जाऊन ये बाबा, जरूर ये. नान्नजला रजा लागत नाही. सकाळी साडेपाचला निघालास तर दहाला घरी."

पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. बघू.